पाषाणखोऱ्याचे पाळक ओबर्लिन व तेथील बालशाळा

मोठ्या शहरांतील व्यासपीठांवरून नाव मिळविलेले उपदेशक ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात पुष्कळ आहेत. परंतु ज्यांनी डोंगरातील पाच दरिद्री खेड्यांत एकोणसाठ वर्षे काढली, आणि तरीही ज्यांचे नाव महासागरापलीकडे अमेरिकेत एका महाविद्यालयास 1833 साली देण्यात आले, असे पाळक विरळा. योहान फ्रेडरिक ओबर्लिन हे त्यांपैकी एक होत. त्यांनी रस्ते केले, पूल बांधला, शेती सुधारली, शाळा उभारल्या. ही सर्व कामे मोठी खरी. तथापि आज आम्ही वाचकांपुढे विशेषेकरून त्यांचे एकच काम ठेवू इच्छितो. ज्या वयाच्या मुलांना त्या काळी कोणीही शाळेच्या हिशेबात धरीत नसे, त्या दोन-तीन वर्षांपासून सहा-सात वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी त्यांनी खेडोखेडी शाळा चालविल्या, आणि त्या चालाव्यात म्हणून पैशाची नीट तजवीज केली. आमच्या खेड्यांतील मंडळ्यांना ह्या दोन्ही गोष्टी शिकण्याजोग्या आहेत असे आम्हांस वाटते.

ओबर्लिन ह्यांचा जन्म 31 ऑगस्ट 1740 रोजी फ्रान्स देशाच्या पूर्व सीमेवरील आल्सास प्रांतात स्त्रासबुर्ग नगरी झाला. वडील तेथील प्रॉटेस्टंट विद्यालयात शिक्षक होते. घरात मुले पुष्कळ व मिळकत बेताची. तरी दर शनिवारी बाप प्रत्येक मुलास खाऊसाठी एक लहानसे नाणे देत असे. फ्रेडरिक आपली नाणी एका पेटीत साठवी. कधी शिंप्याचे किंवा चांभाराचे बिल घरी आले आणि बापाचा चेहरा उतरला, म्हणजे हा मुलगा हळूच आपली पेटी आणून बापापुढे रिकामी करीत असे. एकदा बाजारात काही उनाड पोरांनी एका खेडवळ बाईची अंड्यांची टोपली पाडली. फ्रेडरिकने त्या पोरांना दटावले, धावत घरी जाऊन पेटी आणली आणि तीतील सगळे नाणे त्या बाईच्या हाती ठेवले. साठविण्याची सवय व देण्याची सवय ह्या दोन्ही एकाच मुलात एकत्र वाढल्या, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याच सवयींचे फळ साऱ्या खोऱ्याने खाल्ले.

स्त्रासबुर्गच्या विद्यापीठात ईश्वरविद्येचा अभ्यास पुरा केल्यावर त्यांनी काही वर्षे एका शस्त्रवैद्याच्या घरी मुलांचे शिक्षक म्हणून काम केले. तेथे त्यांना औषधोपचाराचे थोडेबहुत ज्ञान मिळाले. पुढे जेथे वैद्य येत नसे अशा ठिकाणी ते फार उपयोगी पडले.

आता त्या खोऱ्याची हकीकत सांगितली पाहिजे. स्त्रासबुर्गच्या नैर्ऋत्येस व्होज नावाचा डोंगर आहे. त्यात बां-द-ला-रोश म्हणून एक लहानसा मुलूख आहे. जर्मन भाषेत त्याला दगडांचे खोरे अशा अर्थाचे नाव आहे. भोवतालचा मुलूख रोमन कॅथलिकांचा, आणि ह्या खोऱ्यातले लोक मात्र लूथर ह्यांच्या मताचे. मागील शतकातील लढायांनी हा भाग उजाड करून सोडला होता. जमीन खडकाळ, हिवाळा लांबलचक, बाहेर जाण्यास धड रस्ता नाही. बटाटे व रानची फळे हेच पुष्कळांचे अन्न. लोक आपली डोंगरी बोली बोलत. ती बाहेरच्यांना समजत नसे आणि बाहेरची फ्रेंच भाषा त्यांना समजत नसे.

ओबर्लिन ह्यांच्या आधी तेथे स्टूबर नावाचे एक कळकळीचे पाळक होते. ते प्रथम 1750 साली त्या मंडळीत आले, तेव्हाची एक गोष्ट सांगतात. त्यांनी गावची शाळा पाहावयास मागितली. लोकांनी त्यांना एका मोडक्या झोपडीत नेले. तेथे मुलांचा गलका चालला होता आणि कोपऱ्यात खाटेवर एक थकलेला म्हातारा पडला होता. शाळेचे मास्तर आपणच, असे त्याने सांगितले. मुलांना काय शिकविता म्हणून विचारता, काहीच नाही असे तो भोळेपणाने म्हणाला. कारण त्याला स्वतःलाच काही येत नव्हते. मग त्याला ह्या कामावर कसे नेमले, असे पाळकांनी विचारले. तेव्हा कळले की, तो पुष्कळ वर्षे गावची डुकरे राखीत होता. वयोमानाने ते काम त्याच्याने होईना, म्हणून गावाने त्याला मुले राखण्यास दिली!

ही गोष्ट वाचून हसू येते, परंतु हसण्यापूर्वी आपण तिचा अर्थ पाहावा. गावचे लोक दुष्ट नव्हते. डुकरे हरवली तर नुकसान होते हे त्यांना ठाऊक होते. म्हणून डुकरांसाठी धडधाकट माणूस पाहिजे. मुलांचे नुकसान मात्र त्यांच्या डोळ्यांना दिसत नव्हते. म्हणून मुलांसाठी उरलेले माणूस पुरे. स्टूबर ह्यांनी मुलांसाठी वाचनाचे सोपे पुस्तक तयार केले, तरुणांना शिकवून शिक्षक केले, पुस्तके घरोघर वाचावयास देण्याची पद्धत पाडली. परंतु त्यांना त्या खोऱ्यातून जावे लागले, तेव्हा आपल्या मागे योग्य माणूस यावा म्हणून त्यांनी फार शोध केला.

हा शोध करीत ते स्त्रासबुर्गमध्ये एका माळ्यावरच्या खोलीत जाऊन पोहोचले. तेथे ओबर्लिन दाढदुखीने हैराण होऊन पडले होते. खोलीतले सामान इतके थोडे की, हाच माणूस दगडांच्या खोऱ्यास योग्य आहे अशी स्टूबर ह्यांची खात्री झाली. ओबर्लिन ह्यांना त्या वेळी फ्रेंच पलटणीत पाळकाची जागा मिळण्याचे ठरले होते. त्या जागी दुसरा माणूस मिळेपर्यंत त्यांनी होकार दिला नाही; तो मिळाल्यावर मात्र मागे पाहिले नाही. 1767 सालच्या वसंत ऋतूत, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ते वाल्डर्सबाख गावी राहावयास आले. ह्या मंडळीत वाल्डर्सबाख, बेलफॉस, बेलमोंट, फुदे व सोल्बाख अशी गावे होती. पुढच्याच वर्षी त्यांचा विवाह सलोमे विटर ह्या बाईंशी झाला. ह्या बाईही स्त्रासबुर्गच्याच, सुशिक्षित व पतीइतक्याच कामसू होत्या.

नव्या पाळकाचे विचार सर्वांना रुचले असे नाही. काही जणांनी तर त्यांना वाटेत गाठून मार देण्याचा बेत केला. ओबर्लिन ह्यांना ते कळले. त्या रविवारी त्यांनी अपमान सोसण्याविषयी उपदेश केला, आणि उपासना संपल्यावर ज्या घरी ते लोक जमले होते तेथे स्वतःच जाऊन उभे राहिले व आपल्याला त्यांच्या हाती दिले. त्या लोकांनी लाजून क्षमा मागितली. रस्त्याच्या बाबतीतही असेच झाले. बाहेरच्या मोठ्या रस्त्यास जोडणारी वाट खडक फोडून करावी आणि ब्रुश नदीवर पूल बांधावा, असे त्यांनी सुचविले, तेव्हा हे अशक्य म्हणून सर्वांनी माना हलविल्या. पाळकांनी वाद घातला नाही. खांद्यावर कुदळ टाकली आणि ते स्वतः खडक फोडू लागले. लोक एकेक करून मागे आले. स्त्रासबुर्गच्या मित्रांनी हत्यारे व पैसा पुरविला, आणि अशक्य म्हटलेला रस्ता पुरा झाला.

परंतु रस्त्याने माल बाजारात जाऊ लागला, शेती वाढली, तशी एक जुनी अडचण अधिक जाणवू लागली. बाप शेतात, आई शेतात, थोरली भावंडे गुरांमागे. मग दोन, तीन, चार वर्षांच्या मुलांनी काय करावे? ती गावात मोकाट फिरत, थंडीत कुडकुडत, चिखलात बसत, चुलीजवळ किंवा पाण्याजवळ एकटी राहत. लिहिण्या-वाचण्याच्या शाळेत त्यांना घेत नसत. आणि सहा-सात वर्षांची होऊन ती शाळेत येत, तेव्हा वाईट सवयी आधीच रुजलेल्या असत. आमच्या वाचकांपैकी जे उपदेशक वा शिक्षक आहेत, त्यांना ह्या स्थितीचे वर्णन अधिक करून सांगावयास नको.

ह्या अडचणीवरचा उपाय प्रथम पाळकांच्या अभ्यासिकेत सुचला नाही. तो एका शेतकऱ्याच्या मुलीने केला. बेलमोंट गावी सारा बँझेट नावाची तरुणी होती. तिला लोकरीचे विणकाम चांगले येत असे. तिने आजूबाजूची लहान मुले आपल्या घरी जमवून त्यांना विणावयास शिकविण्यास आरंभ केला, आणि विणता विणता ती त्यांना चांगल्या गोष्टी सांगे. तिच्या बापाला हे पसंत नव्हते. घरच्या कामाची मुलगी लोकांच्या पोरांत वेळ घालविते ह्याची त्याला चीड येई. एका परीने त्याचे म्हणणे खरे होते. गरीब घरातील धडधाकट मुलीचे श्रम हेही धनच असते.

ओबर्लिन ह्यांनी हे पाहिले, तेव्हा त्यांनी साराची नुसती स्तुती केली नाही, आणि बापाला नुसता उपदेशही केला नाही. 1769 साली त्यांनी साराशी रीतसर करार केला, तिला वेतन ठरवून दिले आणि मुलांचा सांभाळ हेच तिचे काम म्हणून नेमून दिले. आमच्या मते ह्या साऱ्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. जे काम आजवर म्हाताऱ्या राखणदारावर सोपविण्याच्या लायकीचे समजत, त्याला त्यांनी पगारी व मानाचे काम केले. सारा पुष्कळ वर्षे जगली नाही. 1774 साली, तिशी पुरी होण्याच्या आत, ती मरण पावली. परंतु तिने लावलेले रोप तोवर मूळ धरून राहिले होते.

ह्या शाळांची पद्धत थोडक्यात सांगतो. गावात एखादी प्रशस्त खोली भाड्याने घेत. तीत शेगडी असे, म्हणून हिवाळ्यात मुले उबेत बसत. ह्यावरून लोक तिला विणकामाची शेगडीखोली म्हणत. खोलीचे भाडे आरंभी पाळक स्वतः भरीत. प्रत्येक शाळेवर शक्यतो दोन बाया नेमलेल्या असत. त्यांना जे पद दिले होते, त्याचा अर्थ कोवळ्या बालकांना वाट दाखविणाऱ्या असा होतो. एक बाई हाताचे काम शिकवी. दुसरी खेळ, गोष्टी व शिकवण पाही. अगदी लहान मुले खेळत. त्यांच्यावर बळजबरी नसे. थोडी मोठी झालेली मुले व मुली दोघेही विणकाम, सूतकताई व शिवण शिकत. मुलांनी विणावे ह्यात त्यांना कमीपणा वाटत नसे.

हात चालू असताना कान मोकळे असत. त्या वेळी बाई शास्त्रातील गोष्टी सांगे. पवित्र इतिहासाची व पशुपक्ष्यांची चित्रे मुलांपुढे ठेवीत आणि मुले चित्र पाहून बोलत. गीते शिकवीत. डोंगरी बोलीबरोबर शुद्ध फ्रेंच शब्द मुलांच्या कानी पडत, म्हणजे पुढे मोठ्या शाळेत गेल्यावर ती बावरत नसत. उन्हाळ्यात मुलांना रानात नेत, झाडपाल्याची नावे सांगत. मग मुले तीच झाडे आपण होऊन शोधून काढीत. नकाशाचे शिक्षणही प्रथम आपल्या खोऱ्यापासून सुरू होई, मग फ्रान्स, मग युरोप. जवळच्या वस्तूपासून दूरच्या वस्तूकडे जाण्याची ही रीत पुढे मोठमोठ्या शिक्षणशास्त्र्यांनी मान्य केली.

ह्या बाया काही विदुषी नव्हत्या. त्या त्याच गावांतील शेतकऱ्यांच्या मुली होत्या. पण त्यांना शिकविल्याशिवाय कामावर पाठवीत नसत. ओबर्लिन व सलोमेबाई त्यांना आपल्या घरी जमवून काय सांगावे, कसे सांगावे, हे शिकवीत. मोठमोठ्या इमारतींपेक्षा ह्या चारदोन शिकलेल्या मुली अधिक मोलाच्या आहेत, हे त्या पाळकाने ओळखले होते.

आता पैशाविषयी. पुष्कळ चरित्रकार हा भाग चटकन ओलांडून जातात. परंतु आमच्या मंडळ्यांच्या पंचांना हाच भाग सर्वांत उपयोगी पडेल. वाल्डर्सबाखची शाळेची झोपडी पडावयास आली, तेव्हा नवे घर बांधण्यास लोक कबूल होईनात. एकदा इमारत झाली की तिच्या दुरुस्तीचा खर्च आपल्या डोक्यावर बसेल अशी त्यांना भीती होती. ओबर्लिन ह्यांनी तिचा बोजा मंडळीवर पडणार नाही असे बंधन आपल्यावर घेतले आणि स्त्रासबुर्गच्या स्नेह्यांकडून वर्गणी आणून घर उभे केले. काही वर्षांनी मात्र निराळाच देखावा दिसू लागला. शाळेचा लाभ लोकांच्या डोळ्यांना दिसला, आणि पुढल्या गावांचे लोक आपण होऊन शाळागृहे बांधण्यास पुढे आले. बाहेरची मदत आरंभासाठी असावी, कायमच्या टेकूसाठी नसावी, हे ह्यावरून दिसते.

ओबर्लिन स्वतः गरीब होते, तरी त्यांच्या देण्यास व्यवस्था होती. जुन्या करारातील दशांशाच्या नियमांवरून त्यांनी आपल्या मिळकतीतून एक नव्हे, तीन दशांश बाजूला काढण्याचा नेम केला, आणि त्यांसाठी तीन पेट्या ठेविल्या. पहिल्या पेटीतून प्रार्थनामंदिरे व शाळागृहे बांधणे, बायबले व चांगली पुस्तके घेणे, आणि बालशाळांच्या बायांचे वेतन देणे, ही कामे होत. दुसरी पेटी सार्वजनिक उपयोगाच्या गोष्टींची, आणि तिसरी गरिबांची. पाहा, लहान मुलांना सांभाळणाऱ्या बाईचे वेतन त्यांनी गरिबांच्या पेटीत घातले नाही. ती भीक नव्हे, दयेचा उरलेला तुकडाही नव्हे. देवाच्या मंदिराच्या खर्चाबरोबर, त्याच पेटीत, त्याच मानाने त्यांनी ते ठेविले.

ह्याशिवाय त्यांनी मंडळीत एक कर्जनिधी स्थापन केला. खोऱ्यातील शेतकरी सावकारांच्या तावडीत सापडलेले होते. ह्या निधीतून गरजवंतास अवजारासाठी किंवा जुने कर्ज फेडण्यासाठी रक्कम मिळे. पण ठरल्या दिवशी परतफेड झालीच पाहिजे असा नियम होता. जो मुदत चुकवी, त्याचा पुन्हा कर्ज घेण्याचा हक्क काही काळ बंद होई. पाळक दयाळू होते, पण हिशेबात ढिले नव्हते. ज्या निधीचा हिशेब चोख नाही, त्यावर गरिबांचाच विश्वास प्रथम उडतो. घरचे कर्ज फिटले म्हणजे मूल शाळेत पाठविण्यास आईबापांना धीर येतो; म्हणून हा निधी व बालशाळा ही एकाच कामाची दोन अंगे समजावीत.

1783 सालच्या जानेवारीत सलोमेबाई वारल्या. त्यांच्या मागे लहान मुले होती, त्यांत एक तर नुकतेच जन्मलेले. ह्या वेळी त्या घराला ज्या मुलीने सावरले तिचे नाव लुईझ शेप्लर. ती बेलफॉस गावच्या गरीब घरातील. जन्म 1763 सालचा. पंधरा-सोळा वर्षांची असता ती पाळकांच्या घरी कामास आली होती. बाई गेल्यावर तिने घरच्या मुलांना आईप्रमाणे वाढविले, आणि बालशाळांची देखरेखही चालविली. बर्फ पडत असता ती एका गावाहून दुसऱ्या गावी पायी जाई. त्याने तिची प्रकृतीही खालावली. काही वर्षांनी तिने पाळकांस पत्र लिहून विनंती केली की, आपल्याला पगार देऊ नये, मुलगी म्हणून मानावे. तिने लग्न केले नाही. खोऱ्यातील मुले हाच तिचा संसार झाला.

वाचकांनी येथे एक भेद पाहावा. लुईझने आपला पगार आपण होऊन सोडला; कोणी तिच्याकडून तो सोडवून घेतला नाही. साराला करार करून वेतन देणारे जे पाळक, तेच लुईझचे अर्पण स्वीकारणारे पाळक. स्वखुशीचा त्याग ही एक गोष्ट आणि दुसऱ्याच्या त्यागावर आपण निश्चिंत राहणे ही दुसरी.

पुढे फ्रान्समध्ये 1789 साली राज्यक्रांती झाली. धर्मोपदेशकांचे वेतन बंद पडले, कागदी नोटांची किंमत उतरली, आणि काही काळ जाहीर उपासनेसही मनाई झाली. 1794 साली ओबर्लिन ह्यांना पकडून नेण्यात आले. पण तेवढ्यात राज्यकर्ते बदलले व ते सुटून परत आले. त्याच वर्षी तेथील राष्ट्रसभेने स्टूबर व ओबर्लिन ह्या दोघांनी खोऱ्यात केलेल्या शिक्षणकार्याबद्दल, विशेषतः फ्रेंच भाषेच्या प्रसाराबद्दल, त्यांचा जाहीर गौरव केला. ज्या राज्याने धर्मोपदेशकांस जाच केला, त्याच राज्यास ह्यांचे काम नाकारता आले नाही. मधल्या काळात वेतन नसताही बालशाळा बंद पडल्या नाहीत, कारण तोवर लोक त्यांस आपल्या समजू लागले होते.

1813 साली बाझल शहराकडून आलेल्या लग्रां घराण्याने फुदे गावी रेशमी फितींचा कारखाना आणला, आणि खोऱ्यातील पुष्कळ कुटुंबांना घरबसल्या काम मिळाले. लहानपणी शेगडीखोलीत ज्यांची बोटे सुईला सरावली होती, त्यांना हे काम परके वाटले नसेल. 1818 साली फ्रान्सच्या शेतकी संस्थेने ओबर्लिन ह्यांना सुवर्णपदक दिले, आणि 1819 साली राजाने त्यांना मानाचे पद दिले. ते स्वतः मात्र पूर्वीप्रमाणेच आपल्या गावांतून फिरत राहिले. 1 जून 1826 रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, त्यांनी देह ठेविला. फुदे येथील मंदिराच्या आवारात त्यांना मूठमाती देण्यात आली, तेव्हा शेजारच्या गावांतील रोमन कॅथलिक लोकही शोक करीत आले होते.

त्यांच्या मुलांनी लुईझला आपल्याबरोबरीने वडिलांच्या मिळकतीचा वाटा देऊ केला. तिने तो घेतला नाही. आपल्या नावापुढे ओबर्लिन हे नाव लावण्याची परवानगी तेवढी मागितली. 1829 साली एक विशेष गोष्ट घडली. मोंतियों नावाच्या एका श्रीमंत गृहस्थाने, गरीब माणसांच्या सत्कृत्यांस दरवर्षी बक्षीस मिळावे म्हणून मोठा निधी ठेविला होता. तो पॅरिस येथील फ्रेंच अकादमी नावाच्या विद्वानांच्या सभेच्या हाती होता. त्या सभेने त्या वर्षी पाच हजार फ्रँकचे बक्षीस लुईझ शेप्लरला दिले. कुव्हिए नामक विख्यात सृष्टिशास्त्रज्ञाने तिच्या कामाचा वृत्तांत सभेपुढे वाचला. एका खेडवळ मोलकरणीच्या कामाची देशातील पहिल्या प्रतीच्या पंडितांनी दखल घेतली! लुईझने ती रक्कमही परोपकाराकडेच लावली. ती 25 जुलै 1837 रोजी वारली.

त्या वृत्तांतात एक चूक होती, ती येथे दुरुस्त करणे न्यायाचे होईल. बालशाळांची मूळ कल्पना लुईझचीच, असे त्या सभेस सांगण्यात आले. परंतु 1769 साली साराशी करार झाला तेव्हा लुईझ स्वतः जेमतेम सहा वर्षांची होती. आरंभ साराचा, आधार ओबर्लिन दांपत्याचा, आणि दीर्घ काळचे श्रम लुईझचे व तिच्यासारख्या अनेकींचे, असा हा वाटा आहे. ह्यात लुईझचा मोठेपणा कमी होत नाही. मात्र जगाची बक्षिसे शेवटच्या मजुरास पाहतात आणि पहिल्या मजुरास विसरतात, हे ह्यावरून कळते.

त्या खोऱ्यातील दिवा खोऱ्यातच राहिला नाही. पुढे पॅरिस शहरात मजुरांच्या बालकांसाठी आश्रयशाळा निघाल्या, तेव्हा ओबर्लिन ह्यांचे उदाहरण त्या काढणाऱ्यांपुढे होते. 1881 साली फ्रान्सच्या सरकारने ह्या शाळांस मातृशाळा अशा अर्थाचे नाव दिले व त्या सार्वजनिक शिक्षणात सामील करून घेतल्या. जर्मनीत फ्रबेल ह्यांनी 1840 साली आपल्या संस्थेस बालोद्यान हे नाव दिले. त्याच्या सत्तर वर्षे आधी बेलमोंटच्या मुलीने आपल्या घरी मुले जमविली होती.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम निराळ्या मार्गाने आले आहे. ताराबाई मोडक ह्यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले आणि अनुताई वाघ ह्यांच्यासह खेड्यातील व आदिवासींच्या अंगणापर्यंत बालशिक्षण नेले. 1975 सालापासून सरकारनेही अंगणवाड्या चालविल्या आहेत, आणि त्या आमच्या पुष्कळ वाचकांच्या गावी आहेत. तेव्हा आम्हांस सर्वच नव्याने उभारावयाचे आहे असे नाही. पण गावातल्या अंगणवाडीच्या खोलीचे छप्पर गळते काय, तेथील सेविकेस गावकरी मान देतात काय, शेतावर जाणाऱ्या आया आपली मुले तेथे निर्धास्तपणे ठेवू शकतात काय, हे मंडळीने केव्हा विचारले आहे? जेथे अशी सोय पोहोचलेली नाही, तेथे मंदिराची खोली आठवड्यातील सहा दिवस कुलूप लावून ठेवण्यापेक्षा मुलांस दिली तर काय बिघडेल?

आमचे कित्येक बंधू म्हणतील की, कोणी धनवान संस्था मदत करील तर आम्ही आरंभ करू. मदत मागण्यात दोष नाही. ओबर्लिन ह्यांनीही स्त्रासबुर्गच्या मित्रांपुढे हात पसरला. परंतु त्यांनी आधी कुदळ खांद्यावर घेतली, मग हात पसरला. आधी आपली पेटी उघडली, मग दुसऱ्याची. आणि जे मिळाले त्याचा हिशेब चोख ठेविला. अशा मंडळीस देणारे मिळतात, आणि देणारे थांबले तरी तिचे काम थांबत नाही.

ज्या गावाने थकलेल्या डुकरे राखणाऱ्याच्या स्वाधीन आपली मुले केली होती, त्याच खोऱ्याने पुढे आपल्या उत्तम मुली शिकवून, वेतन देऊन बालकांच्या सेवेस लावल्या. खोऱ्याच्या उन्नतीचा इतिहास आम्हांस तरी ह्या एका बदलातच दिसतो. आपल्या प्रभूने शिष्यांच्या विरोधास न जुमानता बालकांस जवळ घेतले, हे आपण दर नाताळास व बालदिनास ऐकतो. पुढच्या पंचांच्या सभेत वर्षाच्या खर्चाचा कागद पुढे येईल, तेव्हा त्यात गावच्या लहान मुलांसाठी कोणती रक्कम आहे व ती कोणत्या पेटीतील आहे, हे प्रत्येक सभासदाने डोळे उघडून पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.